बायकांकडचा खून

भागीरथामावशीने सिनेमाच्या अंधारात प्रेमिलाचं मनगट धरलं होतं, ते सोडलं. एवढंच झालं. पडद्यावर एक माणूस मेला होता, पण त्याचं काय, तो उद्या दिवेलागणीला पुन्हा उठून सिगारेट ओढणार होता. प्रेमिलाला मात्र आपलं मनगट एकदम गार लागलं. खून सुरू झाला तेव्हा म्हातारीने घाबरून धरलं होतं, इतकं घट्ट की काचेची बांगडी आत रुतली. आणि कमळा ते वाक्य बोलली तेव्हा सोडलं. हळूहळू नाही. चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उचललं की सोडतात, तसं सोडलं. मग मावशी जराशी सरकली. दाटीवाटीने बसलेल्या बायकांत सरकायला जागा नव्हती, तरी सरकली, आणि दोघींच्या मध्ये थोडी वाळू मोकळी झाली. प्रेमिला त्या वाळूकडे पाहत राहिली. समोर गाणं लागलं होतं.

तंबू महाकालीच्या यात्रेसाठी झरपट नदीच्या पात्रात लागला होता. चांदा मुंबई राज्यात गेल्यापासून मुंबईचं म्हणून काहीही खपत होतं. मुंबईचा साबण, मुंबईची बिस्किटं, तसा हा सिनेमाही खपला. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा, त्याच्या एका अंगाला यंत्र आणि पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. खेळाआधी झिंगू नावाचा तंबूवाल्यांचा माणूस शिडीवर चढून पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे चित्र आरपार उतरायचं आणि बायकांनाही दिसायचं. बायकांना त्यात काही कमी वाटत नव्हतं. उलट बरंच होतं. पुरुषांच्या बाजूला बिड्यांचा धूर, इकडे पडद्यावरून झिरपणारा गारवा. पलीकडे शिट्टी वाजली की अलीकडच्या बायका ‘मेले’ म्हणायच्या आणि मान उंच करून, शिट्टी कशासाठी होती ते नीट पाहून घ्यायच्या.

सिनेमा खुनाचा होता, आणि अंधार तर त्यात इतका की निम्मा वेळ काय चाललंय ते अंदाजानेच घ्यायचं. पाण्याने चमकणारे रस्ते, दिव्याच्या खांबाखाली उभा राहिलेला माणूस, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. ‘घरात बी टोपी घालून राह्यला. डोक्याले खरूज हाये का याच्या?’ कमळाने विचारलं होतं. खिडकीच्या पट्ट्यांतून उजेड यायचा आणि माणसाच्या कोटावर, तोंडावर काळ्या-पांढऱ्या रेघा पडायच्या. ‘वाघावानी दिसते बाप्पा,’ गुणाबाई म्हणाली, आणि मग त्या रेघा पडल्या की बायका गप्प व्हायच्या, कारण गुणाबाई मूळची एटापल्लीच्या जंगलाकडची, वाघाबद्दल ती उगाच बोलायची नाही. सिनेमातल्या शेठच्या बायकोचा पदर उजव्या खांद्यावर होता. ‘मारवाडीण असंन,’ असं ठरलं. पोलिसाच्या म्हाताऱ्या आईने देवाला आरती ओवाळली तीही डाव्या हाताने, तेव्हा सगळ्याजणींनी ‘शिव शिव’ केलं आणि मुंबईला देवधर्म उरला नाही असा निकाल लागला. इथवर सगळं मजेत चाललं होतं. मावशी तर पोटभर हसली होती. तिचा मुलगा डोमा गेल्यापासून तिला हसताना प्रेमिलाने पाहिलं नव्हतं, आणि तिला आणलं ते बरं केलं असं मनाशी म्हणून तिने कनवटीचे फुटाणे काढून म्हातारीच्या ओंजळीत घातले होते.

मग तो खून. खुन्याचं तोंड दाखवलंच नाही. पाठमोरी टोपी, काळा कोट आणि हात. पडदाभर हात. त्या हाताने खिशातून रेशमी रुमाल काढला, घाई न करता, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा झटकला, आणि खुर्चीत पेंगत बसलेल्या शेठच्या मानेभोवती टाकला. वेढा. मग डाव्या हाताने पीळ. आणखी पीळ. शेठचे पाय गालिच्यावर खरडत राहिले. वाद्यं थांबली होती, नुसते पाय ऐकू येत होते. तेव्हा मावशीने मनगट धरलं. आणि त्याच शांततेत कमळा, जिच्या जिभेला हाड नाही हे साऱ्या ढिवरपुऱ्याला, त्या मासेमार वस्तीला ठाऊक, ती मोठ्याने हसून म्हणाली, ‘अवं, हा तं डाव्या हाताचा हाये! आपल्या शालिकरामवानी!’

चार-दोन बायका हसल्या. मग हसू आपोआप विझलं, कारण शालिकरामची बायको प्रेमिला तिथेच बसली होती आणि डोमाची आई भागीरथाही तिथेच बसली होती, आणि डोमाला तळ्यातून वर काढला तेव्हा त्याच्या मानेला शिंगाड्याचा वेल गुंडाळलेला होता. वेढ्यावर वेढे. तो वेल भागीरथाने कोणालाही हात लावू न देता आपल्या बोटांनी सोडवला होता. दिवाळीनंतर शिंगाडे काढायच्या दिवसांत डोमा आणि शालिकराम डोंगा घेऊन तळ्यात गेले होते, आणि परत शालिकराम एकटा आला होता. पाणी आहे, वेल आहे, पाय अडकतो, माणूस जातो. तळ्यावर जगणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. कोणी काही विचारलंही नव्हतं. सिनेमातल्या शेठचा आणि डोमाचा संबंध काय? काडीचा नाही. हे प्रेमिलाला कळत होतं, आणि तरीही ती पुढचा सगळा सिनेमा त्या हाताची वाट पाहत बसली. तो आला. शेवटी एक गोडबोल्या वकील, पांढरेशुभ्र दात, सगळ्यांच्या सुखदुःखात पुढे, त्याने काडी ओढून सिगारेट पेटवली आणि पोलीस त्याच्या हाताकडे पाहत राहिला. डावा. कमळा या वेळी काही बोलली नाही. एरवी परतताना मावशी प्रेमिलाच्या खांद्यावर हात टेकून चालायची. त्या रात्री ती पुढे चालली, एकटी, ढेकळांत ठेचकाळत.

पुरुषांकडून तोच खेळ पाहून शालिकराम घरी आधीच पोचला होता. कंदील खाली ठेवून कुडाला टेकून बसला होता, आणि बांबूच्या तट्टीतून पलीकडच्या घरातला उजेड येत होता. त्याच्या तोंडावर रेघा पडल्या होत्या. ह्या रेघा रोजच पडत असणार. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ही तट्टी इथेच होती. तिने त्या आजच पाहिल्या. त्याने बिडी तोंडात धरली, काडी ओढली. डाव्या हाताने. काडीचा उजेड खालून वर आला, हनुवटी, नाक, मग डोळ्यांखालचे खळगे. चांगला माणूस. कमी बोलणारा, ताटात पडेल ते खाणारा, दारू न पिणारा. सिनेमातला वकीलही दारू पीत नव्हता.

‘आवडला का सिनेमा?’ त्याने विचारलं.

‘बरा होता.’ ती पाण्याचा तांब्या उगाचच या जागेवरून त्या जागेवर ठेवत होती. ‘त्या शेठले... त्यानं कोणत्या हातानं आवळलं?’

‘कोणत्या म्हंजे? उजव्या.’ त्याने धूर सोडला. ‘काऊन?’

‘उगाच.’

उजव्या. ती पाठ करून चुलीकडे वळली आणि तिचे कान आतून वाजायला लागले. साऱ्या बायकांनी पाहिलं होतं. पडदाभर हात होता. आंधळ्यालाही दिसला असता. आणि हा, जो साप गेला तर कोणत्या अंगाने गेला ते सांगतो, पाण्यावरच्या एका बुडबुड्यावरून खाली वाळज मासा आहे की मरळ ते ओळखतो, हा सांगतो उजवा. विसरला म्हणावं तर आत्ताच पाहून आला. तिला सिनेमातला तो पोलीस आठवला. तो म्हणाला होता, खोटं बोलायची गरज नसते तिथे माणूस खोटं बोलला की समजावं. काय गरज होती? ‘डाव्या’ म्हणाला असता, ‘मायावानीच’ म्हणून हसला असता, तर तीही हसली असती. तिने भाकरी परतली, ती करपली होती.

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी तिने आपली आठवण ताकासारखी घुसळली. तो तळ्यावरून आला तेव्हा काय म्हणाला होता? ‘डोमा खाली गेला.’ एवढंच. आणि मग पाटावर बसून राहिला होता, अंगावरचं पाणी खाली जमिनीत मुरेपर्यंत. नंतर कधीतरी म्हणाला होता, ‘मी हात देल्ला. थो हाती नाई आला.’ तेव्हा तिने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं. आता तेच वाक्य उलटंपालटं करून पाहताना तिला त्यात दुसराच अर्थ दिसायला लागला, आणि एकदा दिसलेला अर्थ काही केल्या जाईना. मग त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. डोमा ओसरीवर बसून बाजारातल्या कोमटी वाण्याची नक्कल करत होता. डोमाने नक्कल केली की मेलेलं माणूस हसावं. तोंडात पान आहे असं दाखवून, पोट पुढे काढून, अर्धं तेलुगू अर्धं मराठी. प्रेमिला हसता हसता भिंतीला टेकली होती, डोळ्यांतून पाणी आलं होतं, पदर घसरला होता तो सावरला होता. शालिकराम कोपऱ्यात जाळं विणत होता. त्याने मान वर न करता म्हटलं होतं, ‘हास, हास.’ कसं म्हटलं होतं? कौतुकाने? की कसं? तिने ते दोन शब्द मनात त्याच्याच आवाजात कितीतरी वेळा म्हणून पाहिले. म्हणता म्हणता आवाज त्याचा राहिला नाही, वकिलाचा झाला. सिनेमात शेठची बायकोही परक्या माणसाच्या बोलण्यावर हसली होती. आपण हसलो म्हणून डोमा गेला, असं तिच्या मनात आलं.

सकाळीच भागीरथा दाराशी आली. आत आली नाही. ज्या घरात तिने नातवंडाची वाट पाहत नवसाचा नारळ बांधला होता, त्याच्या उंबऱ्याबाहेर ती वाटसरूसारखी उभी राहिली. शालिकराम तिच्या बहिणीचा मुलगा. आई लहानपणी गेली, तेव्हा हिनेच आणला, डोमाच्या जोडीने एका ताटात जेवू घातला. त्याचा डावा हात ताटाकडे जायचा म्हणून तिने तो फडक्याने कमरेला बांधून ठेवला होता, जेवण संपेपर्यंत. जेवणापुरता उजवा शिकला. वल्हं, कोयता, जाळं डाव्यातच राहिलं. त्या हाताला तिच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं.

‘शालिक्या कुठी हाये?’

‘तळ्यावर गेले.’

‘आज तंबूचा आखरी खेळ. उद्या यात्रा उलगते,’ भागीरथा म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. ‘उद्या सकाळी पंच बसवतो मी पारावर. शालिक्यानं मातेपुढं डावा हात ठेवून सांगावं, डोमा कसा गेला. आन तू बी सांगजो. तू घरातली होय, तुले माहीत असंन.’

‘मावशी, मले काही...’

‘मी थो वेल सोडला, पोरी. या हातानं. मले वाटे, पाण्यानं गुंडाळला. पाणी असं पिळते का?’ म्हातारीने हवेत एक पीळ दिला, अगदी पडद्यावरच्यासारखा. ‘मातेनंच दाखवलं मले. नाईतं मी म्हातारी कशाले जातो सिनेमाले?’

तंबू मातेच्या यात्रेत, सिनेमा मातेच्या यात्रेत, मग दाखवणारी कोण? पंचांनी एकदा वाळीत टाकलं की शालिकरामला तळं बंद. ढिवराला तळं बंद म्हणजे हातपाय असून काय उपयोग. मग चौकी, मग जिल्ह्याची कचेरी. पण प्रेमिलाला खरी भीती त्याची नव्हती. पंचांपुढे तिला विचारतील, तेव्हा ती काय सांगेल, याची होती. ‘त्यांनी नाही मारलं,’ असं छातीला हात लावून म्हणता येईल का? काल सकाळी आलं असतं. भागीरथाने बायकांना दम भरला होता की पंच बसेपर्यंत पुरुषांच्या कानावर काही जायला नको, आणि कमळानेसुद्धा जन्मात पहिल्यांदा तोंड शिवलं होतं. साऱ्या ढिवरपुऱ्यात ज्याच्याबद्दल हे चाललं होतं त्यालाच तेवढं काही ठाऊक नव्हतं. तो आपला तळ्यावर होता.

दुपारी तो मासळी घेऊन आला. ती अंगणात कोयत्यावर मासे साफ करत बसली, खवले उडत होते, ऊन लखलखत होतं. तो समोर येऊन उकिडवा बसला. मग त्याने एकदम हात पुढे केला. डावा हात. तिच्या मानेकडे. तिने मागे अंग टाकलं, दोन्ही हात गळ्याशी नेले, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. कोयता कलंडला. समोरच्या घरासमोर कोंबड्या फडफडल्या.

‘खवला,’ तो म्हणाला. ‘मानेले खवला चिकटला तुया.’

त्याचा हात तिथेच हवेत होता. तिने पाहिलं की तो आधी तिच्याकडे पाहतोय, मग तिच्या गळ्यावरच्या हातांकडे, मग आपल्या हाताकडे. त्याच्या हातावर तळ्याचा हिरवट चिखल वाळला होता. त्याने हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. काहीतरी त्याला कळलं. काय कळलं, किती कळलं, हे त्याच्या तोंडावर वाचता येईना. त्याने हात हळूच मागे घेतला, आपल्या मांडीखाली ठेवला, जसा लहानपणी भागीरथाच्या धाकाने लपवत असेल. थोड्या वेळाने उठून निघून गेला. खवला मानेवर तसाच होता. ती नखाने ओरबाडायला लागली तेव्हा निघाला.

किती वेळ बसली कोण जाणे. ऊन कललं तशी उठली आणि दोरीवरचं लुगडं काढायला गेली, कारण काहीही झालं तरी वाळलेलं लुगडं काढावं लागतं. जुनं, विरलेलं लुगडं, काठाला छापाचे पोपट. रंग इतका उतरलेला की दोन्ही अंगांनी सारखाच दिसे. पोपटांच्या चोची तळ्याकडे होत्या. ती अलीकडून उभी होती, चोची तिच्या डाव्या हाताला. दोरीचं टोक सोडायला ती लुगड्याखालून वाकून पलीकडे गेली. चोची तळ्याकडेच होत्या. तळं कुठे जाणार? पण आता त्या तिच्या उजव्या हाताला होत्या. तिने ते पाहिलं आणि पाहून सोडून दिलं. दोरीच्या गाठीला हात घातला. मग गाठ तशीच ठेवून ती पुन्हा वाकून अलीकडे आली. डावीकडे. पलीकडे गेली. उजवीकडे. कमळा तिच्या दारातून पाहत असती तर म्हणाली असती, पोरीच्या अंगात आलं.

भिजलेला पडदा. यंत्र पुरुषांच्या बाजूला. आपण मागून पाहिलं. प्रेमिला लुगड्याला धरून उभी राहिली. एकटा खुनीच डाव्या हाताचा असता तर गोष्ट वेगळी. पण त्या पोलिसाच्या आईने आरतीही डाव्याच हाताने ओवाळली होती! शेठच्या बायकोचा पदर उजव्या खांद्यावर होता, ती कुठली मारवाडीण? आपल्याला सारी मुंबईच डावखुरी दिसली, आणि आपण मुंबईला नावं ठेवून मोकळ्या झालो. शालिकराम खरं बोलला होता. ‘उजव्या. काऊन?’ साधं, सरळ, पाहिलं ते सांगितलं होतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिला दुपारचा तो हवेतला हात आठवला. पण आधी मावशी. ती लुगडं दोरीवरून ओढून तसंच घेऊन धावली.

मावशीच्या अंगणातल्या दोरीवर लुगडं पसरून दाखवलं, तरी भागीरथाला पोपट पटले नाहीत. तिने प्रेमिलाला लुगड्याच्या दोन्ही बाजूंनी दोनदा जाऊ दिलं, स्वतः एकदा गेली, आणि म्हणाली, ‘नवरा वाचवाले लुगडं दाखवून राह्यली. मी डोळ्यानं पाह्यलं थे काय खोटं?’

‘तं पुन्हा डोळ्यानंच पाहा. खेळ आजच हाये. पण तिकून पाहू, त्यायच्या बाजूनं.’

‘माणसायच्यात जाऊन बसू? या वयात? लाज हाये का तुले?’

प्रेमिलाला काय सुचलं देव जाणे. ती म्हणाली, ‘डोमाभाऊसाठी चला. पंचायले सांगाच्या आधी एकदा पाहा. मावशी, मायं खोटं निघालं तं मीच सांगतो पंचायले, मायाच तोंडानं.’

म्हातारीने खुंटीवरची चादर अंगावर घेतली.

सिनेमातल्या आरतीपर्यंत त्या बायकांतच बसल्या. पुन्हा तोच ओला रस्ता, तीच टोपी, तेच पट्टे. आज नव्या आलेल्या बायका होत्या, खेड्यांवरून आलेल्या, आणि त्याही त्याच जागी ‘शिव शिव’ म्हणाल्या. त्यांचं ऐकून प्रेमिलाच्या अंगावर काटा आला. आरती संपत आली तशी ती उठली. मावशीचं मनगट तिने धरलं, आणि पडद्याच्या बांबूला वळसा घालून दोघी पुरुषांच्या अंगाला गेल्या. दाराशी बसलेला चैतू धावला, ‘ओ बाई, इकडं नाई! बायका तिकडं!’ कोणी ओरडलं, कोणी शिट्टी वाजवली, कोणी म्हणालं, ‘बस ना बुढे, खाली बस!’ कारण यंत्राचा झोत बरोबर भागीरथाच्या डोक्यावरून जात होता आणि तिची सावली पडद्यावर पडली होती. डोक्यावरून पदर घेतलेली एक मोठी काळी म्हातारी, आणि तिच्या आत ती टोपी, तो कोट. म्हातारी हलली नाही. धुरात, घामाच्या वासात, साऱ्या शिव्यांमध्ये ती पडद्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि हात आला. रुमाल झटकला. वेढा.

उजवा.

पीळ. आणखी पीळ. उजव्या हाताने. शेठचे पाय खरडू लागले. पलीकडून, पडद्यामागून, बायकांचा एकदम ‘बाई गं’ असा आवाज आला. त्यांना तिथे डावा दिसत असणार. भागीरथाने तोंडाला पदर लावला. ती त्या परक्या माणसांच्या पायांत, वाळूवर, मटकन बसली. ‘पाह्यलं ना मावशी? उजवा होय ना? सगळं उलटं दिसे आपल्याले,’ प्रेमिला तिच्या कानाशी वाकून घाईघाईने म्हणत होती. तिला वाटलं म्हातारी आता सुटकेने रडेल, शालिक्याचं नाव घेईल, आपल्याला जवळ ओढेल.

‘मंग माया डोमाले कोणीच नाई मारलं,’ भागीरथा म्हणाली.

ती पुढे पाहत होती. पडद्यावर दिवाणखाना रिकामा होता.

‘आपलाच गेला थो. उगाच. कोणीच नाई मारलं.’ आणि मग ती रडायला लागली, मोठ्याने, वेल सोडवताना रडली नव्हती इतकी. एक दिवस तिला धरायला काहीतरी मिळालं होतं, एक हात. तेही गेलं. कोणीतरी आपला गमछा वाळूवर अंथरला. प्रेमिला तिचं मनगट धरून तिथेच बसून राहिली आणि सिनेमा संपेपर्यंत तिने पडद्याकडे पाहिलं नाही. येताना म्हातारी तिच्या खांद्यावर हात टेकून चालली. पंचांचं नाव तिने काढलं नाही, आणि ते कोणी पुन्हा काढणार नाही हे प्रेमिलाला त्या हाताच्या भारावरून कळलं.

त्या रात्री शालिकराम घरी आला नाही. तो तळ्यावरच्या खोपीत झोपतो कधी कधी. तसाच झोपला असेल. उजाडताच ती निघाली. वाटेत झरपटच्या वाळूत तंबू उतरवत होते, पडदा घडी होऊन बैलगाडीवर पडला होता, फाटक्या गादीएवढा दिसत होता. काय सांगायचं ते तिने मनाशी जुळवलं होतं. सगळं सांगणार होती: पडदा, पोपट, मावशी, कमळाची जीभ, आपली मान. माफी मागणार होती. तो ऐकेल आणि ‘बरं’ म्हणेल. तो तेवढंच म्हणतो. तळ्याच्या पाळीवर चढली तेव्हा पाण्यावर धुरासारखी वाफ होती आणि तो गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या हातात जाळं होतं. शालिकरामने जाळं फेकलं की लोक बघत उभे राहायचे; हवेत परातीसारखं गोल उघडायचं आणि पाण्यावर टेकताना आवाजही यायचा नाही.

त्याने जाळ्याचा घोळ खांद्यावर घेतला. डावा हात त्याने कमरेवर, धोतराच्या कासोट्यात खोचून ठेवला होता. मग तो वळला आणि उजव्या हाताने फेकलं. जाळं उघडलंच नाही. शिशाच्या मण्यांसकट गोळा होऊन धपकन पडलं, आणि आसपासची सारी मासळी फुटून दूर गेली. त्याने ओढून घेतलं, शेवाळ झटकलं, पुन्हा घोळ केला. पुन्हा उजवा.

‘अवं, हे काय करून राह्यले तुमी?’ ती पाळीवरून ओरडली. तिचा आवाज फाटला. ‘डाव्या हातानं फेका ना! अवो, डाव्या हातानं फेका!’

त्याने वळून पाहिलं. रागाने नाही. ती घाबरली तर नाही ना, एवढं पाहावं तसं पाहिलं.

‘शिकून राह्यलो,’ तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा जाळं फेकलं, आणि ते पुन्हा गोळा होऊन पडलं.